मसुद्यातल्या अकरा रिकाम्या जागा

अप्पा,

परवा तुमच्या तेराव्याला लोकांनी तुमच्याबद्दल काय काय सांगितलं म्हणून सांगू! कुणी सरळमार्गी म्हणालं, कुणी अजातशत्रू म्हणालं. तिथपर्यंत मी गप्प होते. पण हिमायतनगरची आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "दादा फार मितभाषी होता गं," आणि मला हसूच फुटलं. फुटलं ते आवरेना. बायकांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला.

मितभाषी! तुम्ही! फायलीचा दोरा कुठल्या भोकातून ओवायचा यावर पाऊण तास बोलणारा माणूस. भाजीवालीशी तेलुगूत, ऑटोवाल्याशी दखनीत, बँकेशी इंग्रजीत आणि माझ्याशी मराठीत, असा चार भाषांत भांडणारा माणूस. फक्त एक शब्द तुम्ही त्या चारांतल्या एकाही भाषेत कधी तोंडातून काढला नाहीत. त्या एका शब्दावरून आपलं भांडण झालं, ते सात वर्षं कधी पेटत, कधी विझत राहिलं, आणि अर्धवट टाकून तुम्ही खुशाल निघून गेलात. हा काय न्याय झाला? म्हणून लिहायला बसले आहे. शुद्धलेखन तपासायला तुम्ही नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जसं पडेल तसं पडेल.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मागे आपण दोघंच, नल्लकुंट्याच्या या दोन खोल्यांत. तुम्ही सेल्स टॅक्सच्या ऑफिसात नोकरी करून घर चालवलंत आणि घरही ऑफिससारखंच चालवलंत. दुधाचं वेळापत्रक, इस्त्रीच्या कपड्यांची यादी, सगळं भिंतीवर. माझी वेणी घालायला तुम्ही वरच्या मजल्यावरच्या पद्मा आंटीकडून शिकलात आणि पहिला महिनाभर ती इतकी घट्ट घातलीत की माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या.

मग बाराव्या वर्षी एके दिवशी शाळेतून तुम्हाला फोन गेला. तुम्ही अर्धी रजा टाकून आलात. बाईंनी तुम्हाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि तुमचे कान लालबुंद झाले. तुम्ही तुमची ऑफिसची कापडी पिशवी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही मागे धर, वैजू." आणि ऑटो केलात. अप्पा, ऑटो! बसशिवाय कुठं न जाणारे तुम्ही. ऑटो केला म्हणजे मला नक्की काहीतरी मोठा रोग झालाय, असं समजून मी नारायणगुड्याच्या शाळेपासून घरापर्यंत रडत आले. तुम्ही काही सांगेनात, नुसतं माझ्या डोक्यावर थोपटत राहिलात. घरी आल्यावर मला पद्मा आंटींच्या दारात उभं केलंत आणि त्यांना म्हणालात, "जरा बघा, अम्मायी..." तेलुगूत नुसतं 'मुलगी', पुढे काही नाही. आंटींनी तुमच्या तोंडाकडे पाहिलं, मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी साग्रसंगीत, आणि वर संक्रांत नसताना तीळगुळाचे लाडू खाऊ घातले. तुम्ही तासभर जिन्यात उभे होतात म्हणे.

त्या दिवसापासून तुमचं एक खातं सुरू झालं. आईच्या साड्यांच्या कपाटातला खालचा खण. तो खण कधी रिकामा झाला नाही. मी कधी मागितलं नाही, तुम्ही कधी विचारलं नाही. दर महिन्याला तुम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या सत्यमन्नाकडे जायचात आणि त्याच्या हातात चार घड्या घातलेली चिठ्ठी द्यायचात. तो आत जाऊन पाकीट जुन्या पेपरात गुंडाळायचा, वर काळी पिशवी. एकदा तुमच्याबरोबर असताना मी ती चिठ्ठी काउंटरवरून उचलून वाचली. तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "वैजूसाठी", पुढे ठिपक्यांची रेघ, आणि शेवटी "२". बस. मी तेरा वर्षांची असेन. मला तेव्हा ते फार गमतीचं वाटलं होतं.

आणि दुसरी एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगायलाच हवी, नाहीतर लोक म्हणतील पोरगी एकतर्फी बोलते. गणपतीचे दिवस होते, आत्या आली होती. आरतीच्या वेळी तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, "वैजे, तुला अडचण नाही ना? असेल तर बाजूला बस." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण अडचण होती. तुम्ही आरतीचं तबक उचललंत आणि सरळ माझ्या हातात दिलंत. "अरे दादा, तिला..." आत्या म्हणाली. तुम्ही म्हणालात, "आरती सुरू करा, कापूर विझतोय." मी आरती पूर्ण ओवाळली.

म्हणूनच मला वाटलं होतं की तुम्ही बोलाल. वेळ आली की बोलालच.

ती वेळ आली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना. सुलतान बाजाराजवळच्या कॉलेजात मी आणि नसरीन एका बाकावर बसायचो. तुमची लाडकी नसरीन, जी आली की तुम्ही मुद्दाम उस्मानिया बिस्किटं काढायचात. नवा जीएसटी आला होता. टिकलीवर कर नाही, कुंकवावर नाही, बांगड्यांवर नाही, आणि पॅडवर बारा टक्के! नसरीन कँटीनमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाली, "मतलब सजो तो माफ, जियो तो टैक्स? ऐसा कैसा रे!" तिथून सगळं सुरू झालं. सुलतान बाजारातल्या कापडदुकानांतून साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे मागून आणले. त्यावर चारही भाषांत लिहिलं. मराठी घोषणा माझी होती, 'टिकलीला माफी, पॅडवर कर? आधी सांगा, मग पुढे सर!' कविता म्हणून अगदीच टुकार, पण ओरडायला झकास होती.

आणि दोरीवर पॅड टांगायचे ठरले, कपडे वाळत घालतात तसे, टॅक्सच्या ऑफिससमोर. पॅड आणायचे कुठून? मी आपला खालचा खण रिकामा केला. तीन पाकिटं होती, तिन्ही नेली. तुम्हाला विचारलं नाही. विचारणार तरी काय, त्या खणाचं नाव आपल्या घरात कुणी घेतच नव्हतं.

आमचा मोर्चा गेला, घोषणा झाल्या, दोरी बांधली, दोन तास आम्ही रस्त्यावर बसलो. शेवटी आतून एक वयस्कर साहेब आले. फार सज्जन माणूस. ते दोरीकडे न बघता म्हणाले, "बेटा, आप लोगां गलत दफ्तर कू आ गए. ये इनकम टैक्स है. आपका वाला इधर नै होता."

अप्पा, जमीन दुभंगली असती तर मी पुठ्ठ्यासकट आत गेले असते. बाराजणी माझ्याकडे बघत होत्या. नसरीन म्हणाली, "वैजू, तेरे अब्बा पूरी जिंदगी टैक्स में थे ना रे?" होते. चौतीस वर्षं, रिटायर होईपर्यंत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी येऊन मी पाय आपटत सगळं सांगितलं. तुम्ही पोळ्या लाटत होतात. आधी ऐकून घेतलंत, मग लाटणं बाजूला ठेवलंत आणि असे हसलात, असे हसलात की ठसका लागला. "प्रत्यक्ष कर आणि अप्रत्यक्ष कर! सातवीत शिकवलं होतं की गं तुला, याच पोळपाटावर पिठाची रेघ ओढून! पोट्टी इनकम टॅक्सच्या दारात जाऊन बसली!" मीही हसले शेवटी. तुमच्या त्या हसण्याची मला आज फार आठवण येते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर खण भरलेला, तीनच्या जागी सहा पाकिटं. पेपरात गुंडाळलेली.

त्याच दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर फूलस्केप कागद घेऊन बसलात. डावीकडे एक तृतीयांश समास दुमडून, जसा तुम्ही ऑफिसात सोडायचात. "ओरडून काम होत नाही, वैजू," म्हणालात, "अर्ज पाहिजे. ठरायचं ते दिल्लीत ठरेल, पण कागद आपल्या दारातून गेला पाहिजे, योग्य मार्गाने. आवक नंबर पडला की मग कुणी म्हणू शकत नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं." आणि तुम्ही मसुदा केलात. इंग्रजीत, दोन पानं. काय मसुदा होता तो! ज्या वस्तूवाचून भागत नाही तिच्यावर कर आणि शोभेच्या वस्तूला सूट, हा विसंगतीचा मुद्दा तुम्ही असा बांधला होतात की आमच्या प्रोफेसरबाईंनी तो वाचून दोनदा मान डोलावली.

फक्त त्यात अकरा जागा रिकाम्या होत्या. जिथे जिथे तो शब्द यायला हवा, तिथे तिथे ठिपक्यांची रेघ.

मी मोजल्या. अकरा. माझं टाळकं सटकलं. "अप्पा, हे काय आहे? लाज वाटते तुम्हाला? माझी लाज वाटते?"

"लाजेचा काय संबंध? मसुदा करणाऱ्यानं आपल्या अधिकाराबाहेरचं लिहू नये. जागा सोडावी. ज्याचं आहे तो भरेल."

"शब्द लिहायला अधिकार लागतो?"

"लागतो."

"मग सेल्स टॅक्समध्ये तुम्ही साबण, तेल, चपला हे शब्द कसे लिहायचात? तेव्हा कुणाचा अधिकार होता?"

तुम्ही समासाची घडी पुन्हा नीट केलीत. मी नसरीनचा जाडा स्केचपेन काढला आणि त्या अकराच्या अकरा जागा भरल्या, दात ओठ खात. तुम्ही शेजारी उभे राहून बघत होतात. शेवटी एवढंच म्हणालात, "हलक्या हाताने लिही, मागच्या पानावर उमटतंय." मग तो कागद सुवाच्य करून टाइप करायला तुम्हीच घेऊन गेलात.

आता आवक खिडकीची गोष्ट. ही मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

तुम्ही पांढरा बुशशर्ट घालून आमच्याबरोबर आलात, यावेळी बरोबर ऑफिसात. बसमध्येच तुम्ही आम्हा सगळ्याजणींना अटी सांगितल्यात. आत घोषणा नाहीत, तीन प्रती, आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. खिडकीत यादगिरी काका होते, तुमच्या हाताखाली काम केलेले. तुम्हाला बघून खुर्चीतून उठलेच. "सार! आप! कित्ते दिनां के बाद!" चहा मागवायला निघाले, तुम्ही बसवलंत. त्यांनी अर्ज घेतला, रजिस्टर उघडलं, पेन उचललं आणि नेहमीच्या सवयीने, कागद न वाचता, विचारलं, "सब्जेक्ट क्या लिखूं, सार?"

रांगेत मागे व्यापारी होते, वकील होते, बगलेत फायली घेतलेले मुनीम होते. सगळे ऐकत होते. तुम्ही चष्मा काढलात. रुमालाने पुसलात. पुन्हा पुसलात.

त्या क्षणी मला कराचं काही पडलं नव्हतं. कर गेला चुलीत. मला एवढंच हवं होतं की माझ्या बापाने चारचौघांत तो एक शब्द उच्चारावा. आई असती तर मी तुमच्याकडे मागितलंच नसतं. पण माझ्याकडे तुम्हीच होतात, दोन्ही मिळून तुम्हीच. बोला ना अप्पा, मी मनात म्हणत होते, एकदाच बोला.

तुम्ही चष्मा घातलात, खिडकीसमोरून एक पाऊल बाजूला झालात, माझ्याकडे हात केलात आणि म्हणालात, "मॅडम सांगतील."

मी सांगितलं. सांगितलं कसलं, किंचाळले. सॅनिटरी पॅड, काका, सॅनिटरी पॅडवरचा कर, लिहा! आख्ख्या हॉलमधले टाइपराइटर असते तर तेही थांबले असते. यादगिरी काकांनी मान खाली घालून लिहिलं, शिक्का मारला, आमची प्रत परत दिली. तुम्ही ती घेऊन आवक नंबर तपासलात, दोनदा, आणि घडी घालून खिशात ठेवलीत.

बाहेर आल्यावर नसरीन म्हणाली, "अंकल कित्ते अच्छे हैं रे, तेरे कू आगे किए." मी म्हणाले, "अच्छे कायके? डरपोक हैं." तुम्ही आमच्यापुढे चार पावलं होतात. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच मी तेवढ्या आवाजात म्हणाले होते. तुमची चाल क्षणभर अडखळली, मग तुम्ही बसस्टॉपकडे चालत राहिलात.

त्यानंतर नऊ दिवस आपण बोललो नाही. घरात चिठ्ठ्या चालायच्या. "दूध आणले आहे." "गॅसवाला येणार." मी उलट चिठ्ठी लिहायचे, "बरं." तुम्ही माझ्या चिठ्ठीवर लाल पेनाने बरोबरची खूण करून ती परत टेबलावर ठेवायचात, तेव्हा एकदा मला हसू आलं होतं. पण दाखवलं नाही. दहाव्या दिवशी तुम्ही चिंचेचं सार केलंत, त्यात मीठ विसरलात, मी ओरडले, आणि बोलणं सुरू झालं. त्या दिवसाबद्दल मात्र दोघांनीही तोंड उघडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तो कर गेला. सकाळी उठले तर माझ्या चहाच्या कपाशेजारी पेपर घडी घालून ठेवलेला, बातमी वर येईल असा. बातमीच्या कडेला तुमची लाल खूण आणि खाली आद्याक्षरं, साहेब फाईल पाहून करतात तशी. तुम्ही तुमच्या पेल्यात तोंड खुपसून बसला होतात.

"हे आपल्या अर्जामुळे झालेलं नाही हं अप्पा," मी म्हणाले, "देशभरच्या पोरी ओरडत होत्या."

"हौ," तुम्ही म्हणालात, "पण आपला कागद नंबरानं लागलेला आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. तेवढी चांगली सकाळ होती. पण मी बातमी वाचली, बिस्किट बुडवलं आणि एम.ए.च्या वर्गाला पळाले. पुढे वर्षं गेली, मी शिकवायला लागले, नसरीन लग्न होऊन गेली, आणि मी येता-जाता तुम्हाला टोमणे मारायची सवय लावून घेतली. पाल दिसली आणि तुम्ही मागे सरलात की, "हां, डरपोक अप्पा!" डॉक्टरकडे जायला टाळाटाळ केलीत की, "डरपोक!" तुम्ही हसायचात. मला वाटायचं, हसतात म्हणजे लागत नाही.

या उन्हाळ्यात तुमचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तुमचा शरीरावरचा ताबा थोडा सुटला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, काय आणायचं ते. मी सत्यमन्नाकडे गेले. त्याने विचारलं, "क्या होना, मॅडम?" माझ्या मागे तिघं उभे होते, त्यातले एक तर तुमच्याबरोबर सकाळी फिरायला येणारे. आणि अप्पा, मला बोलता येईना. मी! आख्खा हॉल हादरवणारी मी! "अप्पांसाठी..." एवढं म्हणाले आणि पुढे शब्दच फुटेना. त्या गृहस्थांना कळेल, उद्या ते सगळ्या ग्रुपात सांगतील, आणि तुमची ती ताठ चाल, तो पांढरा बुशशर्ट... सत्यमन्ना माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग काही न विचारता आत गेला, मोठं पाकीट घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "पेपर में?"

"हौ," मी म्हणाले. "पेपरात. नीट गुंडाळा."

घरी आले तर यादगिरी काका तुम्हाला भेटायला आलेले, केळी घेऊन. रिटायर झाले तरी तुमच्यासमोर खुर्चीच्या कडेवरच बसतात. माझ्या हातातलं भलंमोठं पुडकं बघून त्यांनी सहज विचारलं, "क्या लाए, मॅडम?" आवक खिडकीच्या त्या दिवसापासून ते मला मॅडमच म्हणतात. मी पुडकं पाठीमागे घेतलं. "कुछ नै काका, दवा है."

तुम्ही उशीला टेकून बसला होतात. आवाज खोल गेला होता तुमचा. पण जे बोललात ते अगदी ऑफिसातल्या आवाजात बोललात. "दवा कायकी? डायपर है, यादगिरी. मेरा है." आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात, "आण इकडे. पेपर काढ तो. लपवते कशाला? माझं आहे, मी सांगतो."

यादगिरी काकांनी, रजिस्टरमध्ये लिहून घेतल्यासारखी, मान हलवली. "हौ, सार." मग तुम्ही दोघं कुणाच्या तरी पेन्शनबद्दल बोलायला लागलात.

मी चहा ठेवायला आत आले. गॅससमोर उभी राहिले आणि तुमची दोन वाक्यं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसली. माझं आहे, मी सांगतो. मॅडम सांगतील. सात वर्षांपूर्वी तुम्ही खिडकीसमोरून बाजूला झाला होतात ते पळून जायला नव्हे, मला जागा करून द्यायला. अकरा जागा रिकाम्या सोडल्यात त्याही माझ्याचसाठी. आणि मी काय म्हणाले होते तुम्हाला? चहा उतू गेला, गॅस विझला, मी तिथेच पदराने डोळे पुसत उभी. साडी नव्हतीच अंगावर, ओढणीने पुसले असतील. तुम्ही असता तर हे वाक्य खोडलं असतं.

मला तेव्हाच बाहेर येऊन म्हणायचं होतं की अप्पा, चुकलं माझं. पण यादगिरी काका बसले होते. म्हटलं, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी तुम्ही दमला होतात. म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी नर्स आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या आली. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी मी तुमचा चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही पेपर छातीवर ठेवून झोपल्यासारखे पडला होतात.

पण भांडण मिटलं असं समजू नका हं! तुमचं तत्त्व मला कळलं, पटलं मात्र अर्धंच. एकदा तरी म्हणायला हवं होतंत तुम्ही तो शब्द. अधिकार पाहिजे होता तर माझ्याकडे मागायचा, मी लेखी दिला असता. बारा वर्षांच्या पोरीला तेव्हा ऑटोत कुणी नाव घेऊन सांगितलं असतं ना, तर ती घरापर्यंत मरणाच्या भीतीने रडली नसती. ते तुमच्याकडून राहिलंच. त्या भरलेल्या खणाचे आभार मानायचे मात्र माझ्याकडून राहिले. एवढी वर्षं एक दिवसही मला कुणाकडे हात पसरावा लागला नाही, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आपण दोघंही तसे मितभाषीच निघालो म्हणायचं.

काल खण उघडला. एक पाकीट शिल्लक होतं, आजारी पडण्याआधी तुम्ही आणलेलं, पेपरासकट. ते तसंच ठेवलं आणि सत्यमन्नाकडे गेले. नाव घेऊन मागितलं. त्याचा हात सवयीने पेपराकडे गेला, मी म्हटलं, "नक्को अन्ना, तसंच द्या." हातात धरून भर रस्त्याने घरी आणलं. जिन्यात पद्मा आंटी भेटल्या, त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग मला जवळ घेतलं, आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, जिथे तुम्ही तासभर उभे होतात.

आता एवढं एक राहिलं आहे, ते लिहून देते. तीन प्रतींत हवं असेल तर तसं देते. त्या दिवशी आवक खिडकीच्या बाहेर, तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात, मी तुम्हाला जे म्हणाले ते मागे घेते. माझे अप्पा डरपोक नव्हते. ही जागा माझ्या अधिकारातली होती, म्हणून मी भरली.

तुमची,
वैजू